आमच्या बाबांची पाहणी

नगरपालिकेचं विरंगुळा केंद्र मच्छी मार्केटच्या मागे, जुन्या वाचनालयाच्या हॉलमध्ये आहे. सकाळी म्हातारी माणसं येतात, पेपर वाचतात, कॅरम खेळतात, एकमेकांची उणीदुणी काढतात, पेज जेवतात, दुपारी बाकड्यांवर लवंडतात आणि उन्हं कलली की आपापल्या घरी जातात. माझे बाबा तिथे दोन वर्षं जात होते. जात होते म्हणजे मी नेऊन सोडत होते आणि मग कट्ट्याची एसटी पकडत होते. कट्ट्याला एका शाळेत मी क्लार्क आहे.

बाबांचं भान हळूहळू गेलं. आधी चष्मा, किल्ल्या, मग वार, मग आई गेली आहे हे. बांधकाम खात्यात ते मुकादम होते आणि आंबोली घाटाच्या रस्त्यावर त्यांची निम्मी नोकरी झाली. एकदा मी शाळेतून आले तर घर उघडं टाकलेलं आणि बाबांचा पत्ता नाही. शेवटी स्टँडवर आंबोलीच्या गाडीत सापडले, खिडकीशी ऐटीत बसलेले. कंडक्टर ओळखीचा म्हणून त्याने गाडी थांबवून ठेवली होती. दरड कोसळली आहे, माणसं वाट बघत असतील, मी उतरणार नाही, असं त्यांनी मला सगळ्या गाडीसमोर सुनावलं. मी त्यांना दंडाला धरून उतरवलं. ते मला शिव्या देत होते आणि मी कंडक्टरचे आभार मानत होते.

मी मूळची तापट. ऑफिसात माझ्या टेबलाकडे यायला पोरं सोडा, मास्तरसुद्धा कचरत. पण त्या दिवसानंतर कधीतरी माझा राग बंद झाला. रागाबरोबर बाकीचंही बंद झालं. एकदा पेज गाळताना मनगटावर सांडली आणि मला ते शाळेत गेल्यावर फोड बघून कळलं. शेजारीपाजारी म्हणायचे, काय धीराची बाई आहे. धीर कसला डोंबलाचा! मला काही वाटतच नव्हतं. सकाळी उठायचं, त्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, नेऊन सोडायचं, गाडी, ऑफिस, गाडी, परत आणायचं. मधे कोणी मेलं असतं तरी मी कुकरच्या शिट्ट्याच मोजल्या असत्या.

केंद्रात पहिल्यांदा एकच बाई होती, पेज करणारी. ती म्हणाली, तुमचे बाबा दाराबाहेर जातात, मी चुलीकडे बघू की त्यांच्याकडे? बरोबर होतं तिचं. मग नगरपालिकेच्या समाजकल्याण समितीने, भान नसलेल्या माणसांसाठी म्हणून, एक मदतनीस तात्पुरती दिली. जवळच्याच ख्रिश्चन वाडीतली, गोव्यात एका म्हातारीकडे बरीच वर्षं राहिलेली. फार काही मायाळू वगैरे नव्हती. दुपारी मोबाईलवर सिरियल बघायची, आणि मी न्यायला गेले की घड्याळ बघायची. पण बाबा उठले की ती न बघताच ओरडायची, "पात्रांव, खंय चल्ले?" आणि बाबा खाली बसायचे. पात्रांव म्हणजे मालक. बाबांना आयुष्यात दुसऱ्या कोणी मालक म्हटलं नव्हतं. ते त्यांना आवडायचं असं मला वाटतं.

तिच्याकडे सुरुवातीला चार माणसं होती. एक वारले, एकांना मुलगा पुण्याला घेऊन गेला. राहिल्या एक आजी, ज्या दिवसभर झोपूनच असायच्या, आणि आमचे बाबा. तेव्हा समितीत विषय निघाला की दोघांसाठी एक बाई कशाला. समिती पाहणीला येईल, आणि गरज दिसली तर जागा ठेवेल, नाहीतर नाही. जागा गेली तर केंद्र बाबांना घेणार नव्हतं, हे पेजवाल्या बाईने मला तोंडावर सांगितलं होतं. आणि केंद्राने घेतलं नाही तर मला घरी बसावं लागलं असतं. माझी रजा संपलेली होती. हेडमास्तर भले माणूस, पण त्यांनीही आता हात टेकले होते.

पाहणीच्या दिवशी मी अर्धा दिवस मागून घेतला. केंद्र सारवल्यासारखं स्वच्छ केलेलं. म्हाताऱ्यांना आदल्या दिवशीच ताकीद होती की भांडू नका, तंबाखू खाऊ नका, आणि कोणी विचारलंच तर सगळं बरं चाललंय म्हणा. पाहुण्यांसमोर रडगाणं गायचं नाही ही आमच्याकडची रीत, त्यामुळे ती ताकीद द्यायचीही गरज नव्हती. सगळे परीटघडीचे कपडे घालून बसलेले. बाबांनासुद्धा मी पांढरा सदरा घातला होता. का घातला, कोणास ठाऊक. सवयीने.

समिती आली. सभापती बाई आमच्याच आळीत लग्न होऊन आलेल्या, किराणा दुकान बघता बघता नगरसेवक झालेल्या. त्यांच्याबरोबर चार सदस्य, त्यातला एक खानावळवाला, फार हसरा, आणि पालिकेचे एक अधिकारी, कोल्हापूरकडचे, फाईल छातीशी धरून. टेबलावर केळीच्या पानावर नारळ ठेवलेला होता. आमच्याकडे कुठलंही काम काढलं की आधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मग ते लग्न असो, होडी पाण्यात ढकलायची असो, की नगरपालिकेची पाहणी असो. अधिकाऱ्यांना हे नवीन असावं, ते फाईल खाली ठेवावी की नाही या विचारात उभे होते.

केंद्रात गाऱ्हाणं घालायचे ते निवृत्त पोस्टमास्तर. पण त्यांच्या चुलत्याचं सुतक होतं, सुतकात देवाचं काही करत नाहीत, म्हणून ते गेटाबाहेर उभे राहून आत बघत होते. सभापती बाईंनी डोक्यावर पदर घेतला. नारळासमोर कोणी पुढे येईना. पेजवाली बाई म्हणत होती की राहू दे, नुसता फोडू, आणि दोन म्हातारे एकमेकांना ढकलत होते. तेवढ्यात बाबा उठले.

मदतनीस ओरडली नाही, पाहुणे होते म्हणून. बाबा टेबलापाशी गेले, टोपी सरळ केली, हात जोडले आणि सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा, आज ही जी लेकरा हयसर जमली आसत, तेंची सेवा मान्य करून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. माझ्याही तोंडून निघालं.

आमच्या देवळात चाळीस वर्षं बाबाच गाऱ्हाणं घालायचे. तो आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. एक शब्द अडखळला नाही. ज्यांच्या हातापायांतलं बळ गेलंय त्यांना बळ दे, कोणाचं चुकलंमाकलं असेल तर पदरात घे, जो वाट चुकून बाहेर गेला असेल त्याला धड घरी आण, असं मागत गेले. गेटाबाहेरचे पोस्टमास्तरसुद्धा सुतक विसरून "व्हय म्हाराजा" म्हणत होते. अधिकारीही म्हणायला लागले. माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. किती दिवसांनी काहीतरी वाटलं, आणि ते नेमकं तेव्हा वाटलं.

नारळ फुटला. बाबा वळले, समोर मीच होते. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "गे बाय, तू कोणाचा चेडू?"

खानावळवाला खो खो हसला. मग सगळेच हसले. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांनी अशी मस्करी करायचीच असते, पोटच्या पोरीला तू कोणाची म्हणून विचारायचं, जावयाला तू खंयचो रे म्हणायचं. सभापती बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, काकांची फिरकी घ्यायची सवय काही गेली नाही. बाबा हसणाऱ्या लोकांकडे बघून हसले. मी म्हणाले, अहो, ते खरंच विचारतायत. पण तोवर खोबऱ्याचे तुकडे वाटायला सुरुवात झाली होती आणि माझं कोणी ऐकलं नाही. झोपलेल्या आजींकडे जाऊन अधिकाऱ्यांनी बघितलं, त्या झोपल्या होत्या, झोपलेल्या माणसाला मदतनीस काय करायची.

सभापती बाईंचा फोन आला तेव्हा मी गाडीत उभी होते. त्यांनी गोडच सांगितलं. म्हणाल्या, तुमचे बाबा छान आहेत, असं गाऱ्हाणं आता गावात कोण घालतं, तुम्ही उगीच काळजी करता, महिनाअखेर त्या बाईला कमी करतोय. पलीकडून दुकानातला तराजू वाजल्याचा आवाज येत होता. मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. तिकीट काढायचं राहिलं होतं ते काढलं.

संध्याकाळी मात्र मी त्यांच्या दुकानात गेले. गिऱ्हाईकं संपेपर्यंत बाकड्यावर बसले आणि मग सांगितलं सगळं. बाबा रात्री न्हाणी शोधत कपाट उघडतात. माझं नाव त्यांना ठाऊक नाही. आईला हाका मारतात, आणि ती गेली म्हटलं की दर वेळी नव्याने रडतात, म्हणून मी आता ती बाजारात गेलीय म्हणते. गाऱ्हाणं हे त्यांच्या तोंडात बसलंय, जसं आपल्या पायांत घराची वाट बसते, त्याला भान लागत नाही. सभापती बाईंना ते ऐकवेना. आपल्या बापाबद्दल असं बोलू नये, म्हणाल्या. माझ्या मुलाच्या बारशाला त्यांनीच गाऱ्हाणं घातलंय, देव ज्याच्या तोंडून बोलतो त्याला मी वेडा कशी लिहू? मी म्हटलं, वेडा लिहू नका, म्हातारा लिहा. मग त्या थोडा वेळ डाळीच्या पोत्यात हात घालून बसल्या आणि म्हणाल्या की अधिकाऱ्यांना विचारते. अधिकाऱ्यांचा निरोप दुसऱ्या दिवशी आला. पुढच्या बैठकीत त्यांना समितीसमोर आणा, काय ते बघू.

म्हणजे आता मला माझा बाप किती बिघडलाय हे दाखवायचं होतं. तो चांगला दिसला तर मी बुडाले, वाईट दिसला तर माझी नोकरी वाचली. हे जसं आहे तसं मी स्वतःशी म्हणून बघितलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. लोकांना सांगताना मी वाटल्याचं सांगते, पण नाही वाटलं.

बैठकीच्या दिवशी मी मुद्दाम त्यांची दाढी केली नाही. सदरा कालचाच ठेवला, पेजेचा डाग पडलेला. दारात चप्पल घालताना त्यांनी हनुवटीवरून हात फिरवला, परत फिरवला, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी त्यांना आत नेऊन खुर्चीत बसवलं आणि साबण लावला. गाल फुगवून धरायचं त्यांना अजून बरोबर येतं. मग सदराही बदलला. रिक्षात बसल्यावर माझ्या मनात आलं की निदान तिथे यांना लघवी तरी होऊन जाऊ दे. आलं मनात. कोणी म्हणेल, असली मुलगी. म्हणू दे.

नगरपालिकेत वरच्या मजल्यावर लांब टेबल, वर पंखा. एका बाजूला समिती, समोर आम्ही दोघं. मदतनीसही आली होती, दाराशी उभी. तिचीही जागा जात होती, पण त्याबद्दल ती कोणाशी अवाक्षर बोलली नाही. अधिकाऱ्यांनी पुस्तकी मराठीत सुरुवात केली. काका, आपलं नाव काय?

बाबांनी चष्मा वर केला. नाव विचारून सोयरीक जमवताय काय, असं त्यांनी मालवणीत उलट विचारलं. खानावळवाला हसला. आज वार कोणता म्हणून विचारलं तर म्हणाले, नगरपालिकेकडे कॅलेंडर नाही? मग बुडालीच म्हणायची. आता सगळेच हसले, शिपाईसुद्धा. अधिकाऱ्यांनी पेनचं टोपण लावलं. मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. तिथे कोणीतरी ब्लेडने आपलं नाव कोरलेलं होतं आणि नंतर खोडलेलं होतं. मला कळत होतं की हे असंच जाणार आणि महिनाअखेर मी राजीनामा लिहीन. पहिलं वाक्य काय लिहायचं तेही मी ठरवत होते.

बाबांनी टेबलाखाली माझा पदर धरलेला होता, हे कोणाला दिसत नव्हतं. मूठ आवळून धरलेला. वर हसत होते आणि खाली ओढत होते. न येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाला ते असेच मस्करीच्या आडोशाला उभे राहत असणार, आज नव्हे, गेली दोन वर्षं. आणि गाव हसत होतं.

सभापती बाई मात्र हसत नव्हत्या. त्या बाबांकडे बघत होत्या. मग त्या आपली खुर्ची ओढून टेबलाला वळसा घालून आल्या, त्यांच्या जवळ बसल्या आणि आळीत बोलतात तशा हळू बोलल्या.

"काकानू, घराक तुमच्या वांगडा कोण आसता?"

"माझ्या वांगडा?" बाबा म्हणाले. "कोण नाय. मी एकटोच."

कोणी हसलं नाही.

"जेवणाखाणाचा कोण बघता?" त्यांनी विचारलं.

बाबांनी विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या पडल्या. "एक बाई येता," ते म्हणाले. "जेवाण करता, न्हाणयेत पाणी काढता, माका कपडे घालता. बरी आसा." मग ते सभापती बाईंकडे थोडे झुकले. कोणाची तरी खाजगी गोष्ट सांगावी तसा त्यांनी आवाज खाली आणला, पण खोलीत सगळ्यांना ऐकू आलं. "तिका आपला असा कोण नाय वाटता. सगळो दिस माझ्याचकडे आसता. मी तिका घराक जा म्हणान सांगतय, तरी जाणा नाय."

सभापती बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान फिरवली. खानावळवाल्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. अधिकाऱ्यांनी टोपण काढून फाईलमध्ये लिहायला घेतलं. मदतनीसाचं पद पुढे चालू ठेवण्यास समितीची हरकत नाही, असं त्यांनी वाचून दाखवलं. कोणीतरी अनुमोदन दिलं. मी उठले, सगळ्यांना नमस्कार केला, आभारी आहे म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखाच होता.

दाराशी मदतनीस म्हणाली, उद्या थोडं लवकर आणा, तिला बँकेत जायचं होतं. मी हो म्हटलं. मला हवं ते मिळालं होतं. बाबांनी खोटं काही सांगितलं नव्हतं.

जिना उतरताना त्यांनी कठडा सोडून माझा हात धरला. प्रत्येक पायरीवर थांबत होते. मधल्या वळणावर त्यांनी बाहेर बघितलं, ऊन उतरलं होतं, आणि त्यांना माझी काळजी वाटली.

"तुका घराक सोडूक कोण येतलो?"

"तुमीच," मी म्हटलं.

"बरा," ते म्हणाले. "मगे चल. उशीर झालो तर तुझी माणसा वाट बघतली."